तिसरी चिंधी

झुंबरबाईला गाव संशयी म्हणे, पण तिच्या पाठीमागे. ती स्वतःला सावध म्हणवून घेई. देवळात नारळ फोडायला दिला, तर परत मिळालेली भकलं आपल्याच नारळाची आहेत का, हे ती एकमेकांना लावून बघायची. शेजारीण हसली तर का हसली, आणि नाही हसली तर काय बिनसलं, ह्या दोन्हींचा तिला सारखाच घोर. अशा बाईच्या घरात सून होऊन राहणं म्हणजे काय, हे आंदर मावळातल्या भिमाजीच्या शालूला लग्नानंतर चार दिवसांतच कळलं होतं. त्याला आता सहा वर्षं झाली होती.

सन छत्तीसच्या सुमाराची ही गोष्ट. घर लोहगडाच्या पायथ्याचं. चार भातखाचरं, एक बैलजोडी, आणि उन्हाळ्यात गवताच्या पेंढ्या गाडीत भरून लोणावळ्याच्या बंगल्यांतल्या घोड्यांना पोचवायच्या, एवढा प्रपंच. झुंबरबाई विधवा, आणि महिपती तिचा एकुलता एक लेक, तिशीतला. तिघांचं बरं चाललं असतं, पण महिपती मधूनच पडायचा.

ताप नाही, खोकला नाही. घोंगडी ओढून भिंतीकडे तोंड करायचा, आणि मग गावाला आग लागली तरी ह्याची कूस बदलायची नाही. बैल दावणीला हंबरत, त्यांना तो ओ देत नसे. समोर ठेवलेलं ताट तसंच निवून जाई. कसं वाटतं म्हणून विचारलं, तर बऱ्याच वेळाने म्हणायचा, "कायबी न्हाई." असे सहा-सात आठवडे जात, मग कुठे तो उठून अंगणात बसू लागे.

पहिल्यांदा झालं ते दोन वर्षांपूर्वी, नागपंचमीनंतर. शालू नुकतीच माहेराहून शिदोरी घेऊन आली होती. तेव्हा झुंबरबाई काही बोलली नाही, तिने नुसतं मनात ठेवलं. गेल्या साली दिवाळीनंतर पुन्हा तेच, आणि तेव्हाही शालू माहेराहून आलेली, शिदोरीत करंज्या. मग मात्र तिला सगळं लख्ख दिसायला लागलं. नवरा मुठीत राहावा म्हणून काही बायका जेवणातून मुळ्या घालतात, हे तिने ऐकलेलं होतं. सुनेच्या हातून जास्त पडत असणार आणि लेक असा आडवा होत असणार. मनात हे एकदा बसल्यावर ते खोटं ठरवायचं कारण तिला दिसेना.

तिला लिहिता येत नव्हतं. पण पुरावा ठेवल्याशिवाय ती थोडीच गप्प बसणार. तिने वाखाची एक लांब दोरी वळून घेतली. दर बाजारच्या दिवशी दोरीवर एक बोट पुढे सरकायचं. त्या आठवड्यात महिपती पडून असला तर तिथे गाठ मारायची, हिंडता-फिरता असला तर बोटभर जागा मोकळी सोडायची. आणि शालू माहेराहून परत आली असेल, तिथे लुगड्याची लाल चिंधी बांधायची. मागचंही सगळं आठवून आठवून तिने दोरीवर चढवलं. दोन्ही वेळा लाल चिंधी आणि तिला लागूनच गाठींची रांग. दोरी बोटांखालून फिरवताना तिला फार समाधान वाटायचं, हे कबूल केलं पाहिजे.

पाळत तर रोजचीच होती. शालू भाकरी थापायला बसली की ही पिठाचा वास घेई. शिदोरीतली एक करंजी तिने आधी गल्लीतल्या कुत्र्याला घातली होती. कुत्रं मेलं नाही, उलट दोन दिवस तिच्याच मागे हिंडलं. तिला त्याचाही संशय आला. ठाकरवाडीची हिरी मोळी विकायला आली की शालू तिच्याशी दारात हसून बोले. हिरीला रानातल्या साऱ्या मुळ्या माहीत, आणि मग आणखी काय पाहिजे होतं. शिवाय महिपती पडलेला असताना शालू पहाटे घागर न घेताच विहिरीकडे जायची. झुंबरबाईने एकदोनदा दाराच्या फटीतून बघितलं. रिकाम्या हाताने विहिरीवर जाणारी बाई तिथे काय करते, हे सांगायला कुणी लागत नाही, असं ती मनाशी म्हणाली.

ह्या वर्षी शिमगा झाला आणि महिपती असा काही उठून उभा राहिला की गाव बघत राहिलं. कोंबडं आरवायच्या आधी तो खाचरात असायचा. तीन बांध त्याने एकट्याने नव्याने घातले. बोलायला लागला की एक गोष्ट पुरी व्हायच्या आत तिसरी सुरू. डोळे नुसते चमकायचे. गडाखालच्या झऱ्याचं पाणी चर खणून गावात आणायचं, असं त्याच्या मनाने घेतलं आणि त्यासाठी त्याने इर्जिक बोलावली. इर्जिक म्हणजे साऱ्या गावाने एकाच्या कामाला हात लावायचा आणि ज्याचं काम त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. साठ माणसं कुदळी घेऊन आली. लोकांना हुरूप आला, कारण त्याच्या बोलण्यात तशी जादूच होती. कणगीतलं पावसाळ्याचं भात तीन दिवसांत जेवणावळीला गेलं. पुढच्या बाजारी त्याने लोणावळ्यात एका अनोळखी माणसाला घरचं खोंड देऊन टाकलं, का तर म्हणे माणूस मनाने चांगला दिसला.

झुंबरबाईला काय आनंद! लेक कर्ता झाला, चारचौघांत त्याचं नाव झालं. खोंड गेलं त्याचंसुद्धा तिने फारसं वाईट वाटून घेतलं नाही. एवढ्या संशयी बाईने लेकाच्या ह्या झपाट्याकडे मात्र एकदाही तिरक्या डोळ्याने बघितलं नाही. शालू एकदा हळूच म्हणाली, की हे रात्री घटकाभर तरी झोपतात की नाही कुणास ठाऊक, मला भ्या वाटतं. त्यावर सासूने तिला फाडकन सुनावलं, की कामाचा माणूस झोपेल कशाला, तुला तो निजलेलाच बरा दिसतो. आणि त्या रात्री दोरी हातात घेऊन ती बराच वेळ बसली.

वैशाख सरता सरता चराचं काम अर्ध्यावर थांबलं. जेठात भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले, पेरा तोंडावर आला, आणि महिपती भिंतीकडे तोंड करून पडला. दर खेपेहून वाईट पडला. तोंड धुवायला उठेना, पाणीसुद्धा सांगून पाजावं लागे.

ह्या खेपेला एक अडचण होती. शालू माहेरी गेलीच नव्हती. झुंबरबाईने दोन दिवस विचार केला. मग तिला आठवलं, महिपती पडायच्या आठवड्यात हिरीने शालूला द्रोणभर करवंदं दिली होती. झालं. तिने तिसरी लाल चिंधी फाडली आणि दोरीला बांधली. गाठ तिने दोनदा आवळून घेतली.

गावकी देवळात बसली. झुंबरबाईने दोरी सगळ्यांपुढे पसरली आणि बोट ठेवून ठेवून दाखवलं. असली बाई घरात नको, काडी मोडून माहेरी धाडा, असं तिचं म्हणणं. पुरावा दोरीवर होता आणि महिपती घरात पडला होता, तेव्हा माना डोलायला वेळ लागला नाही. काही बायका तर त्याच दिवसापासून शालू दिसली की पोरांना पदराआड घ्यायला लागल्या. नवरा तोडून आलेली बाई एक वेळ माहेरात खपून जाते. पण खाऊ घालणारी, म्हणजे अन्नातून मुळ्या चारणारी, म्हणून नाव झालेल्या बाईला आंदर मावळातही कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

शालूचा बाप भिमाजी निरोप मिळताच दिवसभर चालत आला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं.

"इहीनबाई, जावयाला एकडाव लोनावळ्याच्या डाक्टरला दावा," तो म्हणाला. "पोटात जर काय इखारी निघालं, तर पोरीला मी सवता हातानं नेतो. मग तिचं काय करायचं ते माझ्याकडं."

पाटील रखमाजीआबांना ते पटलं. झुंबरबाईलाही पटलं, कारण डॉक्टर आपलंच म्हणणं खरं करणार ह्याची तिला खात्री होती. दोन दिवसांनी गाडीत गवत पसरून महिपतीला निजवलं. आबांनी बैल हाकले. मागे सासू आणि सून एकमेकींकडे पाठ करून बसल्या. दोरी झुंबरबाईच्या ओच्यात होती.

बाजारातल्या दवाखान्याचे डॉक्टर पोक्त होते आणि फार बोलणारे नव्हते. त्यांनी महिपतीचे डोळे बघितले, जीभ बघितली, पोट दाबून बघितलं. त्याला काही विचारलं, त्याने एका शब्दात उत्तरं दिली. विषाची काही खूण नाही, असं त्यांनी सांगितलं. झुंबरबाई ह्याला तयारच होती. तिने दोरी काढून मेजावर ठेवली आणि गाठ म्हणजे काय, चिंधी म्हणजे काय, ते समजावलं.

डॉक्टरांनी दोरी उचलली. हसतील असं आबांना वाटलं होतं, पण ते हसले नाहीत. खिडकीपाशी नेऊन त्यांनी ती बोटाबोटाने मोजली. कुणी शिकल्या माणसाने इतकी नीट नोंद ठेवली नसती, असं म्हणाले, तेव्हा झुंबरबाईची मान ताठ झाली. मग त्यांनी शालूला विचारलं, की गाठी सुरू व्हायच्या आधीचे हे मोकळे आठवडे कसे असायचे?

शालू आधी सासूकडे बघायला लागली. डॉक्टरांनी पुन्हा विचारल्यावर ती बोलली. पडायच्या आधी दर खेपेला हे झोपेनासे होतात, दीड-दोन महिने. बोलणं थांबत नाही, दमणूक माहीत नसते, हाताला लागेल ते देऊन टाकतात. मी सांगितलं की अंगावर येतात. मग एक दिवस दिवा विझल्यागत होतं. तिन्ही खेपेला हेच झालं.

"पडल्यावर?" डॉक्टरांनी विचारलं. "कधी जिवाचं बरंवाईट करायची भाषा?"

"बोलत न्हाईत कायबी," शालू म्हणाली. "पन पहाटंचं उठून इहिरीच्या काठावर जाऊन बसत्यात. मी मागनं जाती. हात धरून आनती."

झुंबरबाईला आधी कळलंच नाही की हे कुणाबद्दल चाललंय. कळलं तेव्हा तिला त्या पहाटा आठवल्या. दाराच्या फटीतून तिने बघितली होती ती फक्त सून. तिच्या पुढे वाटेवर आपला लेक चालला असेल, एवढं दार उघडून बघायचं तिला सुचलं नव्हतं.

डॉक्टरांचं बोट तिसऱ्या चिंधीवर थांबलं होतं. ते म्हणाले, "पहिल्या दोन्ही वेळा सणाच्या आहेत, ते समजलं. पण ही जेठातली. तेव्हा सून माहेरी कशाला गेली होती?"

आबांनी झुंबरबाईकडे बघितलं. शालूनेही बघितलं. लाकडी बाकावर महिपती डोळे मिटून बसला होता. खोटं बोलायला तिला काही जड नव्हतं, एक वाक्य पुरलं असतं.

"गेली न्हवती," ती म्हणाली. "करवंदं आली हुती. ठाकरणीनं दिली."

"महिपतीने खाल्ली?"

"न्हाई."

"मग कुणी खाल्ली?"

"मीच. समदी मीच खाल्ली." आणि मग ती म्हणाली, "चिंधी म्या उगा बांधली."

आबा खाकरले आणि बाहेर बैलांकडे बघायला लागले. डॉक्टर मात्र तिला रागावले नाहीत. त्यांनी तिला विचारलं, की तुम्हाला राग येतो का, रडू येतं का? रोज येतं, ती म्हणाली. कशाने? सुनेने, शेजारणीने, कधी ओल्या लाकडाने. किती वेळ टिकतं? चूल पेटेपर्यंत. फार झालं तर सकाळपर्यंत. आणि झोप? झोप लागते की.

"हे सगळ्यांचंच असतं," डॉक्टर म्हणाले. "मन वर जातं, खाली येतं, त्याला काही कारण असतं आणि ते निवतं. तुमच्या लेकाचं तसं नाही. त्याचं वर गेलं की महिना-दोन महिने खालीच येत नाही, झोपेशिवाय चालतं, आणि आपण वाहवलोय हे त्याचं त्याला दिसत नाही. खाली गेलं की तसंच, कितीही समजावा. हा एकच आजार आहे, त्याची ही दोन तोंडं. कुणी दिलेला नाही, कुणाच्या खाण्यातून आलेला नाही."

झुंबरबाईला खालचं पटलं, वरचं पटेना. तिचे डोळे भरून आले. "न्हाई सायेब. पडतो त्यो आजार, मानलं. पन उटतो तवा तर त्यो माझा खरा लेक असतो. साठ मानसं त्याच्या मागं चालली हुती."

डॉक्टरांनी दोरीचा एक तुकडा तिच्यापुढे धरला. गाठी संपल्यानंतरची आणि शालूने सांगितलेली जागरणं सुरू व्हायच्या आधीची ती मोकळी बोटं होती.

"बाई, ह्या दिवसांत तो कसा होता?"

तिने आठवून बघितलं. काहीच आठवेना. बैल सोडत असेल, जेवत असेल, काहीतरी बोलत असेल. तिला लेकाचं पडणं पाठ होतं आणि लेकाचं गाजणं पाठ होतं. ह्या दिवसांतला महिपती तिने कधी बघितलाच नव्हता.

"तो तुमचा लेक," डॉक्टर म्हणाले.

मुळापासून काढणारं औषध आपल्यापाशी नाही, हे त्यांनी लपवलं नाही. पडलेला असताना एकटं सोडू नका, विहिरीकडे तर नाहीच. मधल्या दिवसांत झोपायची वेळ चुकू देऊ नका. आणि ज्या दिवशी झोप उडेल, त्या दिवसापासून हे औषध द्या, वाट बघू नका, देणीघेणी त्याच्या हाती ठेवू नका. बाटलीला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवलेली होती, एका वेळी एक खाच. येताना गाडीत आबांनी विचारलं, की आता गावकीत काय सांगायचं? झुंबरबाई म्हणाली, "हितं बोलले त्येच सांगा. करवंदाचंबी सांगा."

आबांनी सांगितलं. लोक हसले, आणि ते हसणं तिला पुढे कितीतरी बाजार पुरलं. भिमाजी लेकीला न घेता एकटाच परत गेला. शालूने सासूला एका शब्दाने टोचलं नाही, आणि तिचं ते न टोचणंच झुंबरबाईला जड जाई. पहाटे विहिरीच्या वाटेवर आता दोघी बसायला लागल्या.

श्रावणात महिपती उठला. भादव्यात एकदा आमटी खारट झाली म्हणून तो शालूवर चिडला आणि रात्रभर घुम्यासारखा बसला. सासू-सुनेने एकमेकींकडे बघितलं. सकाळी मात्र तो न्याहारीला हसत आला आणि म्हणाला, की काल उगाच बोललो. झोपही नीट झाली होती. झुंबरबाईने त्या दिवशी भात जरा जास्तच वाढला. असले साधे, चिडके, विसरून जावेत असे दिवस ती आता बसून बघायची. शिमग्यापर्यंत ते मिळाले.

शिमग्यानंतर एका सकाळी महिपती गाणं म्हणत गोठा झाडत होता. डोळे चमकत होते. आईला बघून तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, की आये, ह्या वर्षी चर पुरा करतो, गावाला इर्जिकीचं सांगून आलोय. गेल्या साली ह्याच हसण्याने तिचा जीव सुपाएवढा झाला होता. आज तिला त्या हसण्याचीच भीती वाटली. एकुलत्या लेकाच्या आनंदाचा संशय यावा, ह्याहून वाईट काय असतं? तिने शालूला गोठ्यामागे बोलावून विचारलं.

"किती दीस झालं, गं?"

"तीन राती, आत्याबाई. डोळ्याला डोळा न्हाई."

झुंबरबाईने पदर खोचला. दारोदार जाऊन तिने इर्जिक मोडली. लोक कुरकुरले, महिपतीसारख्या उमद्या माणसाला म्हातारी दाबते म्हणाले. बैल तिने आबांच्या गोठ्यात नेऊन बांधले. मग दिवेलागणीला दूध तापवलं, शालूसमोर, दार उघडं टाकून. बाटली उचलायला शालूने हात पुढे केला तसा तिने तो धरला.

"नगं. तू हात लावू नगंस. तुझं नाव यील."

एक खाच औषध तिने स्वतः ओतलं आणि पेला घेऊन ओटीवर गेली. झोपेचं औषध आहे, डॉक्टरांचं, असं तिने सरळ सांगितलं. महिपतीने पेला हातात घेतला, वास घेतला, आणि त्याचं हसणं गेलं. बैल नाहीत, इर्जिक नाही, आणि आता हे. तो आईकडे असा बघायला लागला की ती नजर तिने लगेच ओळखली. दोन वर्षं तिची स्वतःची नजर तशीच होती.

"मी एवढा बरा हाय ते बघवंना व्हय कुनाला?" तो म्हणाला. मग मान वळवून त्याने दारातल्या शालूकडे बघितलं. "हिनं शिकिवलं का तुला? काय घातलंय ह्यात हिनं?"

ओटीपलीकडे दोघे-तिघे शेजारी थबकले होते. झुंबरबाई लेकाच्या आणि सुनेच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"तिनं न्हाई. म्या घातलंय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "तुला काय म्हनायचं ते मला म्हन."

त्याने म्हटलं. आईने लेकाला खाऊ घातलं, हे तो गल्लीभर ओरडत गेला, आणि दूध ओटीवर सांडलेलं राहिलं. शेजारच्या बाईने पोराला पदराआड घेतलं. शालू रडत फडकं घेऊन पुसायला वाकली. झुंबरबाईने तिच्या हातातून फडकं काढून घेतलं, ओटी पुसली, आणि दुसरा पेला तापवायला चुलीपाशी बसली.